फोटो निघून गेल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत नवं यंत्र येतं त्या दिवशी नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो निघतो. मला बोलायचंय ते फोटो निघून गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल. त्यासाठी आधी जरा लांब जाऊ, अमेरिकेत, लॉस एंजेलिसला.

तिकडे सरकारी शाळा चालवतो तो स्कूल डिस्ट्रिक्ट. आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग म्हणा, फक्त त्याला स्वतःचं निवडून दिलेलं मंडळ असतं. लॉस एंजेलिसचा डिस्ट्रिक्ट देशात दुसऱ्या क्रमांकाचा, तेव्हा साडेसहा लाखांच्या आसपास मुलं. २०१३ च्या जूनमध्ये मंडळाने ॲपलच्या आयपॅडसाठी ३ कोटी डॉलरचं पहिलं कंत्राट मंजूर केलं. सुरुवात ४७ शाळांपासून, पुढे प्रत्येक मुलाच्या हाती एकेक. वायफायचं जाळं धरून अंदाज गेला १३० कोटी डॉलरवर. एक नग ६७८ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने चाळीसेक हजार रुपये. त्यात पिअर्सन या शालेय पुस्तकांच्या कंपनीचा अभ्यासक्रम भरलेला. परवाना तीन वर्षांचा, आणि अभ्यासक्रमही अर्धामुर्धा, प्रत्येक इयत्तेचे नमुन्याचे काही धडे तेवढे तयार.

वाटप सुरू झालं आणि काही दिवसांतच हायस्कूलच्या पोरांना कळलं, की आपलं प्रोफाइल पुसून टाकलं की शाळेने घातलेलं कुलूप आपोआप गळून पडतं. तीनेकशे मुलं आरामात फेसबुक, यूट्यूबवर! त्या यंत्रावर त्या वर्षी कुणी खरंच काही शिकलं असेल, तर मला वाटतं याच पोरांनी. मग घरी न्यायला बंदी. फुटलं, हरवलं तर भरून कोण देणार, यावर पालकांशी घोळ. परीक्षेसाठी कीबोर्ड लागणार, तो खर्च वेगळाच.

पण खरी मेख पैशात होती. हा पैसा मतदारांनी शाळांच्या इमारतींसाठी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा. फेड पंचवीस वर्षं, यंत्राचं आयुष्य तीन-चार. घर बांधायला कर्ज काढावं आणि त्यातून मोबाइल घ्यावा, तसं हे.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये कंत्राट थांबवलं. ऑक्टोबरात अधीक्षक, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, जॉन डेझी पायउतार झाले. डिसेंबरात एफबीआयने, म्हणजे तिकडच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, या कंत्राटाच्या चौकशीसाठी कागदपत्रांची वीस खोकी उचलून नेली. गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. पुढच्या वर्षी तडजोडीत ६४ लाख डॉलर तेवढे डिस्ट्रिक्टच्या पदरात पडले.

आपले आकडे लहान असतात. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून ३० पर्यंत पटसंख्या असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं १०,००० रुपये. खडू, लाइट बिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं त्यातच. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, असताना एका दोनशिक्षकी शाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला. दीड वर्षात त्याचा दिवा गेला. नवा आणायचा तर अनुदानाचा मोठा घास जाणार, आणि लाइट बिल आधीच थकलेलं. टाकूनही देता येईना, कारण डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, नोंद झालेली, निर्लेखनाला, म्हणजे ती नोंद काढून टाकायला, मंजुरी हवी. बाईंनी तो जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. पुढे मी गेलो तेव्हा त्या कपाटावर पोषण आहाराच्या तांदळाचा वजनकाटा होता. तो मात्र रोज चालत होता.

नमस्कार.