दाताला न कळणारा मोती

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नसराई आली की आपल्या नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत नथ बघायला बायकांची झुंबड उडते. एखादी हळूच मोती दातावर घासून बघते. किंचित खरखर लागली की मान हलवते, "खरा आहे." तिचं चुकत नाही. फक्त दाताला काचेचा मणी आणि मोती एवढाच भेद कळतो. मोती समुद्रात आपसूक घडला की माणसाने शिंपल्याकडून घडवून घेतला, हे दात सांगू शकत नाही. कारण दोन्हींवरचं पाणी शिंपल्यानेच चढवलेलं.

स्वाती नक्षत्राच्या थेंबाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. खरा प्रकार त्याहून नवलाचा आहे. शिंपल्याच्या मऊ अंगावर, कवचाला लागून, पातळ झालर असते. कवचाचं आतलं चकचकीत अस्तर तीच घालते. इजा झाली किंवा एखादा परजीवी शिरला, की झालरीच्या काही पेशी आत जातात, त्यांची इवलीशी पिशवी होते आणि तिच्यात त्याच अस्तराचे थर गोल गोल चढत राहतात. वाळूच्या कणाने असं क्वचितच घडतं.

मोतीशेतीत माणूस फक्त सुरुवात करून देतो. हे काम मी जवळून पाहिलंय. शिंपला अगदी किंचित उघडायचा, जास्त ताणला तर तो मरतो. मग दुसऱ्या शिंपल्याच्या झालरीचा तांदळाएवढा तुकडा आणि कवचापासून घडवलेला गुळगुळीत मणी आत सरकवायचा. बघताना माझाच श्वास अडकला होता. पुढे जाळीच्या पिशवीत घालून तो तलावात टांगतात आणि वर्ष-दीड वर्ष वाट बघतात. जपानमध्ये मोतीशेती करणाऱ्या कोकिची मिकिमोतोंना १८९३ साली कवचाला चिकटलेला अर्धगोल मोती मिळाला. पूर्ण गोल मोती त्यानंतरचा. आपल्याकडे गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांसाठी हे तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने बसवलं.

म्हणून संवर्धित, म्हणजे असा शेतीतल्या, मोत्याला कुणी 'नकली' म्हटलं की मला वाईट वाटतं. फरक पोटात आहे. क्ष-किरणांत नैसर्गिक मोती कांद्यासारखा थेट मध्यापर्यंत पापुद्र्यांचा दिसतो, तर मणी घातलेल्यात मधला गोळा वेगळा उठून दिसतो. नैसर्गिक मोती दुर्मीळ, म्हणून महाग.

तेव्हा नथ घेताना मोती नैसर्गिक की संवर्धित, हे बिलावर लिहून घ्या. आणि नेसून, अत्तर लावून झाल्यावरच नथ घाला. अत्तराने मोत्यावरचा थर खराब होतो, आणि संवर्धित मोत्यावर तो कधीकधी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो.