पुरातत्त्वात जायचंय, मग शिकायचं काय?

बोरिवलीला उतरलं की नॅशनल पार्कच्या गेटातून आत कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. वर पोचल्यावर बहुतेक जण मोठ्या चैत्याचा, म्हणजे प्रार्थनेच्या दालनाचा, फोटो काढतात आणि माकडांपासून पिशव्या सांभाळत खाली उतरतात. आपण जरा थांबूया. लेण्याबाहेर कातळात खोदलेली ही पाण्याची टाकी, हिला पोढी म्हणतात, आणि भिंतीवर जी अक्षरं दिसतायत ती ब्राह्मी, आपली जुनी लिपी. इथल्याच एका पोढीचा लेख सांगतो की ती कल्याणच्या एका सोनाराने दान दिली. कल्याण! रोज सकाळी जिथे लोकलला लटकायची जागा मिळत नाही तेच कल्याण, आणि तिथला सोनार जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी इथे डोंगरावर भिक्षूंच्या पाण्याची सोय करून गेला.

मी कॉमर्सला होतो, टीवायला पहिल्यांदा इथे आलो आणि त्या सोनाराने मला धरलंच. मग घरी रोज तोच विषय. आई म्हणायची आधी डिग्री पूर्ण कर, मला वाटायचं आपली तर स्ट्रीमच चुकली.

आता बारावीची मुलं मला विचारतात, दादा, आर्ट्स घेऊ की सायन्स? मी म्हणतो, आधी सांग, तुला काय हातात धरून बसायला आवडेल. अक्षरं आवडत असतील तर संस्कृत, प्राकृत, ब्राह्मी शिक, आणि आपल्याकडे राहून मोडी सोडू नकोस.

आणि बायोलॉजी आवडत असेल तर इनामगाव ऐक. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी कित्येक वर्षं तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायचे तेव्हाचं, शेतकऱ्यांचं गाव. तिथे घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली मिळाली, आत लहान मुलं. मूल किती महिन्यांचं होतं हे कोण सांगणार? ज्याला दात आणि हाडं वाचता येतात तो. ते लोक काय पेरत होते, जव की अजून काही, हे जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून कळतं, तिथे बॉटनीवाला लागतो. मग सायन्स वाया गेलं असं कसं म्हणायचं?

पण रोजचं काम म्हणजे खापरं. एकेक तुकडा ब्रशने धुवायचा, उन्हात वाळवायचा, कुठल्या ट्रेंचमधला (खोदलेल्या चरातला), कुठल्या थरातला ते शाईने बारीक अक्षरात लिहायचं, मग काठाचा तुकडा असेल तर त्याच्या गोलाईवरून पूर्ण मडकं केवढं असेल ते कागदावर काढायचं. हे दिवसभर करून ज्याला संध्याकाळी अजून एक तुकडा घ्यावासा वाटतो त्याने खुशाल यावं. नुसत्या बीएवर मात्र थांबता येत नाही, एमए करावंच लागतं. पुण्याला डेक्कन कॉलेजात कुठल्याही शाखेचा पदवीधर एमएला अर्ज करू शकतो, इथे कालिन्याला मुंबई विद्यापीठातही पुरातत्त्वाचे कोर्सेस आहेत. सरकारी जागा कमी निघतात, हे आईबाबांना आधीच खरं सांगून टाका.

आणि अक्षरांचं वेड कुठवर नेतं ते बघायचं तर जुने शिलालेख वाचणारे भगवानलाल इंद्रजी बघा. ते जुनागढचे. गिरनारच्या शिलालेखावरची अक्षरं मुलगा असतानाच वाचायला शिकले, पुढे मुंबईत डॉक्टर आणि इतिहास-संशोधक भाऊ दाजी लाड यांच्यासोबत काम केलं, आणि 1882 मध्ये सोपाऱ्याला, आपल्या नालासोपाऱ्याला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना मिळाला. तो दगड आज फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

रविवारी जा. वही-पेन्सिल घेऊन जा, मोबाईल खिशात ठेवा, आणि त्या दगडावरची एक ओळ बघून बघून काढा. अर्धा तास तरी लागेल.