टोचली मावशीला, सुई आपली

मला विषय दिलाय "रुग्णालयातील सुरक्षा संस्कृती". ऐकूनच झोप येते, त्यात तुमच्यातल्या निम्म्या नाइट करून आल्यात, तर डुलकी लागली तर लागू दे, मी काही मेमो देणार नाही.

मी आमच्या वॉर्डातल्या एका मावशींचंच सांगते. कॉन्ट्रॅक्टवर होत्या. सकाळी रक्ताळलेल्या कापसाची पिवळी पिशवी बांधताना आतली सुई घुसली सरळ अंगठ्यात. त्यांनी काय केलं, अंगठा पिळून पिळून रक्त काढलं (हे करायचं नसतं हां, साबण-पाण्याने नुसतं धुवायचं), चिंधी बांधली आणि फरशी पुसायला लागल्या. मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही चिंधी दिसली म्हणून. विचारलं तर म्हणतात, "सिस्टर, सुपरवायझर म्हणंल ग्लोव्ह्ज का नव्हते, उद्यापासून येऊ नको."

आता एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि आमचे तास संपत आलेले. पळत एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात नेलं, 28 दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या. सगळे एचआयव्हीलाच घाबरतात, पण एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण व्हायची शक्यता हजारात 3. पेशंटला हिपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्याने लस घेतलेली नसेल तर शंभरात 30 पर्यंत जाते! मावशींना एकही डोस नव्हता. 2016 चे बायोमेडिकल वेस्टचे नियम काढून बघा, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस द्यायची असं स्पष्ट लिहिलंय, पण कॉन्ट्रॅक्टरला वाटतं हॉस्पिटल देईल आणि हॉस्पिटलला वाटतं कॉन्ट्रॅक्टर देईल.

मॅट्रनचा पहिला प्रश्न, "नाइटला कोण होतं?" होती एक पोरगी, नवीनच लागलेली. नर्सिंग कौन्सिल म्हणतं टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात 3 पेशंटमागे 1 नर्स, इथे 40 पेशंट, दोन सिस्टर, त्यातली एक पेशंटला घेऊन सीटीला गेलेली. सुई तोडायचा नीडल कटर आठवडाभर अडकलेला, शार्प्सचा, म्हणजे सुया-ब्लेड टाकायचा पांढरा डबा तोंडापर्यंत भरलेला, तेवढ्यात सात नंबरला झटके आले म्हणून हिने सुई किडनी ट्रेमध्ये कापसाजवळ ठेवली आणि पळाली, नंतर कुणीतरी ट्रे पिवळ्या पिशवीत रिकामा केला. मी असते तर मीही तेच केलं असतं. कटरची तक्रार मी स्वतः दोनदा लिहून दिलेली, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मेमो मात्र पोरीला, त्याच दिवशी.

सहा महिन्यांनी मावशींचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले, पेढे घेऊन आल्या बिचाऱ्या. मी सहज रजिस्टर उघडलं. तीनशे खाटांचं हॉस्पिटल, आणि वर्षभरात सुई टोचल्याची नोंद किती? एक. मावशींची. माझी स्वतःची दोनदा टोचलेली कुठेच नव्हती.

तर आता ज्यांना कधी टोचलीय त्यांनी हात वर करा. करा करा, मॅट्रन मॅडम चहाला गेल्यात.