चुलीवर शिजलेला निळा

[दृश्य: तव्यावर परतली जाणारी पूड, फक्त हात]

तव्यावर भाजतेय ती माती. तिच्यात चिमूटभर नीळ मिसळलीय.

मेक्सिकोतलं युकातान. मेरिदा शहरातल्या एका घराचं मागचं अंगण. चित्रासाठी फळी आत तयार आहे, पण ही चित्रकार सकाळपासून चुलीपाशीच बसलीय. आधी रंग शिजायला हवा.

माती साकालुम गावाकडची. इथल्या माया लोकांच्या भाषेत ‘साक लूम’, म्हणजे पांढरी माती. शास्त्रज्ञ तिला पॅलिगोर्स्काइट म्हणतात. तिच्या कणांना डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचा असतात. मंद आचेवर मातीतलं पाणी उडतं आणि नीळ त्या खाचांत घट्ट बसते. आता नीट बघा. मघाशी मळकट, काळपट दिसणारा रंग उजळतोय, त्याच्यावर हिरवट झाक चढतेय.

हा माया निळा.

नीळ आपल्या ओळखीची. मायांचं झुडूप आपल्याकडच्या निळीच्याच कुळातलं, जात तेवढी वेगळी. पण कपड्यावरची नीळ उन्हाने विटते. हा रंग मात्र जंगलातल्या दमट भिंतींवर बाराशे वर्षं टिकला.

[दृश्य: काचेच्या दोन पट्ट्या, वरून पडणारा थेंब]

डावीकडे नुसती नीळ, उजवीकडे भाजलेला रंग. दोन्हींवर नायट्रिक आम्लाचा एकेक थेंब.

डावी पिवळी पडली.

उजवी होती तशीच आहे.

हे ज्यांनी साधलं त्यांना ‘कारागीर’ म्हणून आपण मोकळे होतो. ते रसायनशास्त्रज्ञ होते. हा शब्द त्यांचा हक्काचा आहे.

[दृश्य: फळीवरून सरकणारा कॅमेरा]

फळीवर चुन्याचा गिलावा आहे. त्यावर चिकटवलेला हा खरखरीत कागद म्हणजे आमाते. पुएब्ला राज्यातल्या सान पाब्लितो गावात ओतोमी लोक झाडाची साल उकळून, दगडाने कुटून तो बनवतात. कडेचे तंतू तिने मुद्दाम मोकळे सोडलेत. मायांच्या पोथ्याही सालीच्याच कागदाच्या असत, वर चुन्याचा पातळ हात दिलेला. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या धर्मगुरूने त्या जाळल्या. आज चारच उरल्यात.

[दृश्य: कोळशाने रेखाटलेली माणसं]

ही माणसं बोनामपाकची. चियापास राज्याच्या जंगलातलं मायांचं तीन खोल्यांचं देऊळ, चित्रं इसवी सन ७९० च्या आसपासची. १९४६ मध्ये लाकांदोन माया लोकांनी जाइल्स हीली या छायाचित्रकाराला तिथवर नेलं. वाट त्यांच्या पायाखालची होती, हेही सांगायला हवं.

पहिल्या खोलीत वादकांची रांग आहे. खुळखुळे, उभा ढोल, लांब कर्णे. एक जण कासवाच्या पाठीवर हरणाच्या शिंगाने ताल धरतोय. जवळच मुखवटे घातलेले सोंगाडे. त्यातल्या एकाच्या हातांना मोठाल्या नांग्या. फळीवर कासवाची पाठ वाळू मिसळलेल्या चुन्याने उचललीय. बोट फिरवलं तर लागते. नांग्या मात्र सपाट, तांबड्या मातीच्या रंगातल्या.

मूळ भिंतीवर माणसांशेजारी नावं लिहायला चौकटी आखलेल्या आहेत. त्यातल्या कितीतरी रिकाम्याच राहिल्या.

[दृश्य: शिंपल्यात कालवलेला निळा, ब्रश]

कासववाल्याच्या डोक्याशी तिनेही एक चौकट आखलीय. आता मागची भिंत भरतेय, निळ्याने, बोनामपाकच्या वादकांमागे आहे तशी. ब्रश चौकटीच्या कडेपाशी येतो, वळतो, पुढे जातो. आत गिलाव्याचा पांढरा तसाच आहे.