टार्पची दोरी आणि झाडाची साल

मंडळी, हॅमॉकच्या, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या झोळीच्या, पट्ट्यांबद्दल आज मी फार बोलणार नाहीये, कारण आता आपल्या बऱ्याच ट्रेकर्सकडे दोन इंची पट्टे आलेत आणि ते झाडाची साल कापली जाऊ नये म्हणून वापरायचे हेही सगळ्यांना माहितीये. मला बोलायचंय वरच्या टार्पबद्दल, म्हणजे पाऊस-वाऱ्यासाठी हॅमॉकवर दोरीने ताणतो त्या छपराबद्दल. हॅमॉकला रुंद पट्टा लावणारा तोच माणूस त्याच झाडाला हातभर वर दोन-तीन मिलीमीटरची नायलॉनची दोरी थेट सालीवर आवळतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण टार्पचं वजन असून असून किती, अर्धा-पाऊण किलो!

पण प्रश्न वजनाचा नाहीच, वाऱ्याचा आहे. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर एका चौरस मीटरवर साधारण १२ किलोचा दाब पडतो. सह्याद्रीच्या धारेवर पावसाळ्यात असा वारा म्हणजे रोजचंच. तीन बाय तीनचा टार्प म्हणजे नऊ चौरस मीटर, आता तो तिरका असतो म्हणून सगळा दाब लागत नाही, वारा वरून सरकतोही, हे मान्य, पण तरी जो काही ताण येतो तो त्या बारीक दोरीवरून सालीवर जातो आणि तोही एकसारखा नाही, झटके देत देत. हॅमॉकमधला माणूस निदान झोपला की शांत असतो, टार्प रात्रभर फडफडतो. त्यात नायलॉन भिजलं की ताणतं, टार्प सैल पडतो, मग आपण मध्यरात्री उठून दोरी पुन्हा ओढतो, आणि ती दोरी बुंध्याला वेढा घालून परत आणलेली असेल तर प्रत्येक ओढीला ती सालीवरून सरकते. म्हणजे आपण झाडावर करवत चालवत असतो, हळूहळू. डायनीमाची (एका फार मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी ताणत नाही हे खरं, पण ती इतकी बारीक की उलट जास्त रुतते.

आता साल म्हणजे काय ते बघा. बाहेरची खरबरीत साल मेलेली असते, ती थोडी खरवडली तर फार बिघडत नाही. तिच्या आत असते अंतरसाल, पानांनी बनवलेलं अन्न मुळांपर्यंत नेणारी, आणि तिला चिकटून कॅम्बियमचा अगदी पातळ थर, बुंध्याची जाडी वाढते ती तिथूनच. पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून, म्हणून अंतरसाल सगळीकडून गोल तुटली तरी झाड लगेच वाळत नाही, बराच काळ हिरवं दिसतं, आणि इकडे मुळं उपाशी पडत जातात. ब्रह्मदेशात सागवान तोडायच्या आधी साल आणि खालचं ओलं लाकूड गोल कापून झाड दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या वाळवायचे, कारण ओला सागवान नदीत बुडतो, तरंगत नाही. गोल कापाची ताकद एवढी असते. एका रात्रीच्या दोरीने झाड मरतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण पवनेच्या काठावर नाहीतर भंडारदऱ्याला पाण्याजवळ, बरोबर अंतरावर उभी असलेली सोयीची झाडं मोजकीच, आणि दर शनिवारी नवा ग्रुप त्याच जोडीला, त्याच उंचीवर बांधतो. शिवाय पावसाळ्यात झाड वाढीला लागलेलं असतं तेव्हा साल आतल्या लाकडापासून चटकन सुटते, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला टार्पची गरज असते.

तर करायचं काय? ताण द्यायची जागा झाडापासून लांब न्यायची, एवढंच. दोन इंची नवार किंवा बेल्टची पट्टी झाडाभोवती एकदाच गुंडाळायची, एका टोकाच्या फाशातून दुसरं टोक ओवून बाहेर काढायचं, त्याला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), आणि दोरी तिथून पुढे सुरू. पट्टी एकदा बसली की हलवायची नाही. सैल-घट्ट जे काय करायचं ते दोरीवर, प्रुसिकच्या गाठीने (ही दोरीवर सरकवता येते आणि ताण आला की घट्ट धरते) किंवा ट्रकर्स हिचने (ही दोरी खेचून घट्ट करायची गाठ), आणि शेवटची गाठ सुरगाठ ठेवा म्हणजे सकाळी भिजलेल्या दोरीशी झटापट करायला नको. वाऱ्याच्या झटक्यांसाठी कोपऱ्याच्या दोऱ्यांमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, मस्त काम करतो. आणि हो, कोपरे कोवळ्या रोपट्यांना बांधू नका प्लीज, खुंट्या आहेत, दगड आहेत. पट्टी विसरलीच तर खाली पडलेल्या वाळक्या काटक्या दोरी आणि सालीच्या मध्ये उभ्या लावा, ताण बराच विभागला जातो.

झाड कुठलं हेही बघायला हवं. ऐनाची साल जाड, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, कुंभ्याचीही जाड, ही झाडं बरंच सोसतात. कांडोळाची पांढरी गुळगुळीत साल कागदासारखी सुटते, त्याला हातच लावू नका. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, तेव्हा तो ओळखायला शिका. ज्या बुंध्यावर आमरी (ऑर्किड) किंवा नेचे आहेत तो सोडून द्या, पट्टा कितीही रुंद असला तरी ते घासून निघणारच. बुंधा निदान वीतभर जाड आणि जिवंत हवा, वर वाळकी फांदी नको. देवराईत नाहीच. भीमाशंकर, कोयना अशा अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबायचंच नाही, तिथे पट्ट्याचा प्रश्नच येत नाही. आणि गडमाथ्यावरची खुरटी झाडं, कातळावर वीतभर मातीत कशीबशी उभी असलेली, तीही सोडा, तिथे टार्प दोन ट्रेकिंग पोलवर लावून जमिनीवर झोपा.

पट्टीसाठी महागाचं काही लागत नाही. टार्पपुरती नवार चालते, बॅग दुरुस्तीवाल्याकडे मिळणारी बेल्टची पट्टीही चालते, टोकांना फासे त्याच्याकडूनच दुहेरी शिवून घ्या. हॅमॉकला मात्र ही नको, तिथे पॉलिस्टरचा वजन लिहिलेला पट्टाच. दोन्ही प्रकार पुढच्या टेबलावर ठेवलेत, हातात घेऊन ओढून बघा, आणि बाहेरच्या आंब्याला एकदा बांधून बघायचं असेल तर चला, उजेड आहे तोवर जाऊ.