ग्रेट डेनचं पोट फुगलं तर

नमस्कार श्रोतेहो, आज बोलायचंय ग्रेट डेन या कुत्र्याच्या जातीबद्दल. दिसायला राजबिंडा, स्वभावाने गरीब, पण आयुष्य कमी, साधारण 7 ते 10 वर्षं. आणि या जातीला सगळ्यात मोठा धोका कशाचा, तर पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा. डॉक्टर याला ब्लोट म्हणतात.

आमच्या गल्लीतल्या काकांचा डेन आहे, भीम. इंदूरातली अनंत चतुर्दशीची रात्र, घरात पाहुणे, झांक्या म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे बघायला निघायची घाई, दुपारी त्याचं जेवण राहून गेलेलं म्हणून काकूंनी संध्याकाळी दोन वेळचं एकदमच वाढलं. त्याने ते बघता बघता फस्त केलं, वर भरपूर पाणी प्यायला आणि अंगणात पोरांबरोबर हुंदडला. थोड्या वेळाने सुरू झालं, धड बसेना, धड उभा राहीना, मान खाली घालून ओकायचा जोर करतोय आणि बाहेर काय, तर नुसती फेसाळ लाळ. पुन्हा सांगते, ओकायचा जोर होतोय पण पोटातलं काही पडत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

काकू म्हणाल्या, अपचन असेल, ओवा-हिंग देऊन बघू. काकांचा भाचा महूच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकतो, तो झांक्यांसाठीच आलेला. त्याने भीमच्या बरगड्यांमागे टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या फिक्या पडलेल्या. म्हणाला, "मामा, ओवा राहू द्या, गाडी काढा." आता राजवाड्याकडे तर तोबा गर्दी, रस्ते बंद. त्याने आधी फोन करून ऑपरेशन करणारे डॉक्टर आत्ता आहेत का ते विचारून घेतलं, मग चौघांनी भीमला चादरीत घालून गाडीत ठेवला आणि रिंग रोडने लांबचा वळसा घेत पोचले. डॉक्टरांनी सलाईन लावलं, गॅस काढला, रात्रीच पोट उघडून जठर सरळ केलं आणि पुन्हा फिरू नये म्हणून आतून पोटाच्या भिंतीला टाके घालून टाकलं. भीम वाचला!

होतं असं की जठर गॅसने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं, दोन्ही तोंडं बंद, रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत कुत्रा जातो. घरगुती उपाय नाही. परत सांगते, घरगुती उपाय नाही. रोजचं जेवण दोन-तीन वेळा विभागून द्या, जेवणानंतर तासभर पळवू नका, आणि भीमला घातले तसे टाके नसबंदीच्या वेळीच घालून घेता येतात, ते डॉक्टरांना जरूर विचारा.

बाकी खुब्याचे सांधे, हृदयाचे स्नायू कमजोर होणं, हाडाचा कॅन्सर हेही या जातीत दिसतं, म्हणून लंगडणं, धाप लागणं अंगावर काढू नका. पिल्लाला मनाने कॅल्शियमची बाटली पाजू नका, हाडं बिघडतात. आणि मला मनापासून वाटतं की इंदूरच्या मे महिन्यात सेंट बर्नार्ड पाळणं हा त्या जिवावर अन्याय आहे, बर्फातलं जनावर ते, हौसेपायी कशाला आणायचं?

असो. डेन असेल तर आजच चौकशी करा की तुमच्या भागात रात्री ऑपरेशन करणारे डॉक्टर कोण आहेत, आणि तो नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आजींच्यासुद्धा, कारण दुपारी घरी त्याच असतात.