पहिली हायड्रोपोनिक खोली : एसी निवडण्याआधी पाण्याचा हिशोब

नमस्कार. बंद खोलीत हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना पोषक द्रावणात, लागवड करायचे ठरले की ‘किती टनाचा एसी लागेल?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. त्या प्रश्नाकडे आपण आज येणार आहोत, पण जरा उशिरा, कारण माझ्या मते अशा खोलीच्या हवामानाचे नियोजन पाण्यापासून सुरू करायला हवे. रोपे मुळांवाटे जे पाणी घेतात, त्यातला 95 टक्क्यांहून अधिक भाग पानांवाटे वाफ होऊन हवेत जातो. म्हणजे द्रावणाच्या टाकीत रोज जेवढी पाण्याची भर घालाल, जवळजवळ तेवढेच पाणी तुम्ही खोलीच्या हवेत सोडत असता, आणि ते तिथून बाहेर काढण्याची सोय तुम्हालाच करावी लागते.

(पडद्यावर : खोली 3 × 2.5 × 2.5 मीटर, दिवे 600 वॅट, 16 तास, पाणी 6 लिटर रोज)

एक उदाहरण घेऊ. 3 मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी खोली आहे, तिच्यात पालेभाज्यांचे रॅक आहेत, 600 वॅटचे एलईडी दिवे रोज 16 तास चालतात आणि रोपे दिवसाला 6 लिटर पाणी घेतात, असे धरू. या खोलीत सुमारे 19 घनमीटर हवा मावते. तापमान 25 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल, तर या सगळ्या हवेत मिळून साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात असते आणि ती पूर्ण संपृक्त व्हायला आणखी पावणेदोनशे मिलिलिटर पुरतात. दिवे चालू असताना तासाला 300 मिलिलिटरच्या आसपास पाण्याची वाफ होत असेल, तर दार लावून घेतलेली ही खोली पाऊण तासाच्या आत ओलीचिंब होण्याच्या वाटेवर असते. प्रत्यक्षात हवा दमट होत गेली की बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांवाटे होणारी ही वाफ, मंदावते आणि तो क्षण लांबतो, हे खरे आहे. परंतु नुकसान नेमके त्या मंदावण्यातच आहे, कारण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच पानांपर्यंत पोहोचते. द्रावणात भरपूर कॅल्शियम असूनही लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

हवा रोपाकडून पाणी किती जोराने ओढते, हे नुसत्या आर्द्रतेच्या टक्केवारीवरून कळत नाही. त्यासाठी बाष्पदाबातील तूट, म्हणजे बोलण्यातली व्हीपीडी, पाहावी लागते : पूर्ण संपृक्त हवेतल्या वाफेच्या दाबापेक्षा आताचा दाब किती कमी आहे, ते. आर्द्रता 60 टक्केच ठेवली तरी 20 अंशांना ही तूट 0.94 किलोपास्कल असते, 25 अंशांना 1.27 आणि 30 अंशांना 1.70 होते. वाढीच्या काळात पालेभाज्यांसाठी 0.8 ते 1.2 हा पल्ला सोयीचा मानला जातो आणि कोवळ्या रोपांसाठी त्याहून कमी. एलईडी दिव्यांखाली पान हवेपेक्षा अंशभर थंड असू शकते, त्यामुळे पानाला जाणवणारी तूट आकडेमोडीपेक्षा थोडी कमीच असते. दुसऱ्या दशांश स्थळावरून स्वतःला त्रास करून घेण्यात मात्र काही अर्थ नाही. घरगुती आर्द्रतामापकांची अचूकता तेवढी नसतेच.

आता उष्णता. एलईडी दिवे थंड असतात हा समज प्रथम सोडून द्यावा. 600 वॅटचा दिवा खोलीत जवळपास 600 वॅट उष्णताच सोडतो, कारण पानांवर पडलेला प्रकाशही शेवटी उष्णतेतच बदलतो. प्रकाशसंश्लेषणात साठवला जाणारा हिस्सा इतका लहान असतो की नियोजनात तो धरू नये. दिवे, पंप आणि पंखे सगळे मिळून 700 वॅट झाले, तर तो भार ताशी सुमारे 2,400 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) भरतो. एक टनाचा एसी ताशी 12,000 बीटीयूचा असतो. भिंती आणि छप्पर तापून जी उष्णता आत येते ती वेगळी मोजावी लागेल, तरीही चांगले उष्णतारोधन केलेल्या खोलीसाठी एक टन पुरून उरतो. ‘असू द्या, मोठा घेऊ’ हा विचार मात्र इथे उलटतो. गरजेपेक्षा मोठा, एकाच वेगाने चालणारा एसी काही मिनिटांत तापमान गाठून थांबतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या थंड कॉइलवर पुरेसे पाणी साचत नाही, म्हणजे हवा दमटच राहते. इन्व्हर्टर एसी कमी वेगावर दीर्घकाळ चालतो, म्हणून अशा खोलीला तो अधिक मानवतो.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 0.68 युनिट ऊर्जा लागते. आपले दिवे दिवसाला 9.6 युनिट खातात आणि 6 लिटरची वाफ त्यांतली सुमारे 4 युनिट उष्णता स्वतःबरोबर नेते. त्यामुळे तापमापक समाधानकारक आकडा दाखवत असतो आणि खोली मात्र दमट होत असते.

दिवे बंद होतात तेव्हा खरी अडचण सुरू होते. दिव्यांची उष्णता थांबते, एसीला तापमान पुरेसे कमी वाटते म्हणून तोही थांबतो, आणि हवेतले पाणी तिथेच राहते. 25 अंश आणि 60 टक्क्यांची हवा 18 अंशांपर्यंत थंड झाली, तर पाण्याचा एक थेंबही न वाढता तिची आर्द्रता 92 टक्के होते. तीच हवा 21 अंशांवर थांबवली, तर आकडा 76 टक्के राहतो. भुरी आणि करडी बुरशी यांना रात्रीचे हे तास फार मानवतात. म्हणून दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक चार अंशांच्या आत ठेवावा, दिवे एकदम बंद करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने मंद करावेत आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ काढून घेणारे यंत्र, दिव्यांच्या टायमरला न जोडता आर्द्रतेच्या नियंत्रकाला जोडावा. हे यंत्र वाफेचे पाणी करताना तिच्यातली उष्णता खोलीतच परत सोडते. दिवसा तो एसीवरचा भार असतो, रात्री मात्र तीच ऊब उपयोगी पडते. त्याच्या खोक्यावर छापलेली क्षमता अनेकदा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. आपल्या खोलीत ती बरीच कमी भरते, त्यामुळे 6 लिटरसाठी निदान दुपटीच्या क्षमतेचे यंत्र पाहावे.

नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावर भागेल का? बाहेरची हवा आतल्यापेक्षा तीन अंशांनी थंड असेल, तर 600 वॅट उष्णता बाहेर नेण्यासाठी ताशी सुमारे 600 घनमीटर हवा खेळवावी लागते, म्हणजे खोलीतली हवा तासाला तीस-एक वेळा बदलते. बाहेर उकाडा किंवा दमटपणा असेल त्या दिवशी ही योजना कोलमडते. तरीही थोडी ताजी हवा आत येऊ द्यावीच, कारण अगदी बंद खोलीत रोपे कार्बन डायऑक्साइड संपवत आणतात. त्या वायूचे सिलिंडर पहिल्या खोलीत आणू नयेत. बंद जागेत तो माणसाला घातक ठरू शकतो.

पानांवरून हवा सतत हळुवार वाहावी, पण एकाच रोपावर झोत पडू नये. द्रावणाची टाकी शक्यतो दिव्यांच्या खोलीबाहेर ठेवून पाणी 18 ते 22 अंशांत राखावे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो, आणि कोमट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात मूळकुज लवकर पसरते.

तापमान आणि आर्द्रता मोजणारा संवेदक पानांच्या उंचीवर, दिव्याचा थेट प्रकाश पडणार नाही असा टांगावा. तो तपासण्यासाठी मिठात थोडे पाणी घालून दाट लगदा करावा आणि एका हवाबंद डब्यात संवेदकाशेजारी, पण त्याला लागणार नाही असा, रात्रभर ठेवावा. आकडा 75 टक्क्यांच्या आसपास यायला हवा. शिवाय तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दिव्यांचा वीजपुरवठा आपोआप तुटेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी, कारण एसी बंद पडून दिवे चालू राहिले तर खोली वेगाने तापते.

रोपे मोठी झाली की आठवडाभर दोन आकडे वहीत लिहावेत : टाकीत किती पाणी घातले आणि एसी व डीह्युमिडिफायरच्या नळीतून किती पाणी निघाले. पानांत साठणारा अंश थोडाच असतो, त्यामुळे ताज्या हवेची झडप लहान असताना 6 लिटर घालून 4 लिटरच परत येत असतील, तर उरलेले पाणी फटींतून बाहेर जात आहे की भिंतींत मुरत आहे हे शोधावे, आणि त्याची सुरुवात रॅकमागच्या सर्वांत थंड भिंतीला हात लावून करावी.